खुर्चीची वायर

गोदा-मांजरा बायोफीडबॅक परिषदेच्या ग्रुपवर फलकाचं चित्र येऊन पडलं, तेव्हा ज्योत्स्ना सोनकांबळे अर्धापूरच्या एका केळीवाल्याच्या बोटाला क्लिप लावत होती. माणूस धिप्पाड, बोटं केळ्यांएवढी, आणि तक्रार एवढीच की झोप येत नाही.

"म्याडम, करंट तर लागत न्हाई ना?"

"करंट कशाचा लागतोय! तुमच्या काळजाचे ठोके इथं पडद्यावर दिसतात, बस्स. आरशात बघून भांग पाडता ना? तसा पडद्यावर बघून श्वास विंचरायचा."

"आमच्या डोस्क्यावर केसंच न्हाईत की," असं म्हणून तो हसला, आणि पडद्यावरची रेघही त्याच्याबरोबर हलली. ज्योत्स्नाला आपल्या कामातलं हेच आवडायचं. माणूस तोंडानं काहीही सांगो, रेघ आपली चालत असते. हळूहळू श्वास लांबवला की तीच रेघ लाटेसारखी वरखाली व्हायला लागते, आणि माणसाला पहिल्यांदा वाटतं, अरे, हे आपल्या हातातलं आहे की!

केळीवाला जाताना टोपलीभर केळी ठेवून गेला. मग तिनं मोबाइल उघडला.

फलक चांगला झळाळता होता. 'वार्षिक सभा, लातूर. नूतन अध्यक्षा: सौ. ज्योत्स्ना सोनकांबळे, नांदेड.' निवडणूक अजून आठ दिवसांवर होती, पण खाली फलक करणाऱ्या रविकांतनं लिहिलंच होतं, 'बिनविरोधच आहे, आधी छापलं तर बिघडलं कुठं?' आणि फलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी रंगात एक दातेरी रेघ. खाली अक्षरं: 'सरांचा आलेख, आमचं बोधचिन्ह.' इथून पुढं परिषदेच्या प्रत्येक कागदावर, प्रमाणपत्रावर, ढालीवर तीच रेघ येणार होती. एकानं लिहिलं होतं, 'वा! जणू बालाघाटाची डोंगररांग!' दुपारपर्यंत अडतीस जणांनी टाळ्या टाकल्या.

ज्योत्स्नाला त्या रेघेचा एकेक दात पाठ होता. टाळी टाकायला तिचं बोट उठेना.

*

परिषद म्हणजे फार मोठं काही प्रकरण नव्हतं. दोन जिल्ह्यांतली त्रेचाळीस माणसं. बरेचसे समुपदेशक, काही फिजिओथेरपीवाले, दोन योगशिक्षक, आणि एक दाताचे डॉक्टर, जे एका सभेला चुकून आले आणि जेवण आवडलं म्हणून राहिले. हृदयाचा डॉक्टर एकही नाही. गावातले मोठे डॉक्टर यांना 'फुंकरवाले' म्हणायचे, आणि हे त्या शब्दावर हसायचे, पण आतून लागायचंच.

ही सगळी माणसं गोळा केली अण्णाराव बिराजदार सरांनी. लातूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. निवृत्तीच्या आधी बंगळूरहून पहिलं यंत्र रात्रभर मांडीवर घेऊन बसून आणलं, लेकराला आणावं तसं. ज्योत्स्नाही त्यांच्याच हाताखाली शिकली. हदगावच्या बाजूची पोर, लग्नानंतर एम. ए. केलेली, इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचणारी. सर तिला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणाले. कसं काय चाललंय असं ते कुणालाच विचारत नसत. विचारायचे, "श्वास कसा आहे?"

सरांनी परिषदेला एक रीत लावून दिली होती. वार्षिक सभेत अध्यक्षानं भाषण करताना बोटाला क्लिप लावून बसायचं. पडदा अध्यक्षाच्या पाठीमागे, भिंतीवर. म्हणजे सगळ्यांना दिसणार, एकट्या अध्यक्षाला दिसणार नाही. भाषण संपलं की दोन मिनिटं मौन, आणि त्यानंतरच क्लिप काढायची.

"पेशंटला वायरी लावताना आपण सुटे असतो," सर म्हणायचे. "वर्षातून एक दिवस खुर्चीनंही वायर लावून घ्यावी. पण ध्यानात ठेवा, हे खोटं पकडायचं यंत्र नव्हे. माणूस आतून किती हललाय, तेवढंच ते सांगतं. का हललाय, ते आपण विचारायचं असतं."

गेल्या वर्षीच्या सभेत यंत्रावर ज्योत्स्ना बसली होती. सरांनी सात मिनिटं भाषण केलं, दोन मिनिटं मौन झालं, आणि यंत्रानं शेवटी आकडा दाखवला. ठोक्यांमधलं अंतर किती लवचिकपणे बदलतं, त्याचा हा आकडा. जितका मोठा तितकं काळीज तरतरीत, असं सगळे शिकलेले. सत्तरीच्या माणसाचा यायला हवा त्याच्या चौपट आला. हिरवा दिवा लागला. सभागृहात 'ओहो' झालं आणि ज्योत्स्नानं माईक ओढून म्हटलं, "सर, तुमचं तर पंचविशीतल्या पोराचं काळीज आहे!"

काय टाळ्या पडल्या! तिच्या बोलण्याला इतक्या टाळ्या त्याआधी कधी पडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी तीनच्या सुमारास नांदेडला आपल्या खोलीत बसून ती सभेची नोंद लिहीत होती. लिहिता लिहिता तिनं रेघ सावकाश पुढंमागं करून पाहिली. भाषणातली रेघ वेडीवाकडी असणारच, बोलताना श्वास तुटतो. पण मौनातली दोन मिनिटं? तिथं सरांसारख्या माणसाची रेघ संथ लाटेत यायला हवी होती. लाट नव्हतीच. एक ठोका लवकर, दोन उशिरा, मग तीन घाईनं. शाळा सुटल्यावर फाटकातून पोरं बाहेर पडतात तसे ठोके, कुणाचा कुणाला मेळ नाही. तिनं पुस्तकात वाचलं होतं की ताल सुटलेलं काळीजही आकडा मोठा दाखवतं. लवचिक आणि विस्कटलेलं, यंत्राला दोन्ही सारखंच.

तिनं सरांना मेसेज लिहायला घेतला. 'सर, एकदा हृदयाच्या डॉक्टरांना...' तेवढ्यात ग्रुपवर सरांचाच मेसेज आला: 'पंचविशीतलं काळीज! धन्यवाद, बाई.' खाली टाळ्यांची रांग. ज्योत्स्नानं आपला मेसेज पुसला. नोंदीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सेन्सर हलला असावा.' भेटल्यावर सांगू, असं स्वतःला बजावलं. मग पेशंटांची रांग: एका मुलीची परीक्षेची धास्ती, दुसऱ्याची रात्रपाळी, तिसऱ्याचं घटस्फोटाचं प्रकरण. दिवस काय, जातातच.

एकोणिसाव्या दिवशी सरांना लकवा मारला. डॉक्टरांनी सांगितलं, ठोक्यांचा ताल सुटला होता, हृदयात रक्ताची गाठ झाली आणि ती मेंदूत गेली.

ज्योत्स्नानं हे ऐकलं. वर्षभर कुणाला काही सांगितलं नाही.

*

सभेच्या आधीच्या रविवारी ती केळीची टोपली घेऊन लातूरच्या बसमध्ये बसली. नवीन अध्यक्षानं जुन्या अध्यक्षाला नमस्कार करून यायचा, ही काही लिहिलेली रीत नव्हती, पण न जाणं बरं दिसलं नसतं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. फलक बदला एवढंच रविकांतला सांगून मोकळं व्हावं, काहीतरी कारण काढावं, रंग आवडला नाही म्हणावं, असं ती मनाशी जुळवत होती.

औसा रोडच्या मागच्या गल्लीत सरांचं घर. सर खिडकीशी खुर्चीत होते, उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा मांडीवर ठेवलेला.

"बघा, तुमच्या अध्यक्षीणबाई आल्या," सरांच्या पत्नी केवळाकाकू म्हणाल्या.

सर अर्ध्या चेहऱ्यानं हसले. शब्द यायला वेळ लागला. "श्वास?"

"चाललाय सर."

सरांनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "ह...ळू," म्हणाले.

काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेलं. तव्यावर धपाटं होतं. काकूंचा हात आणि तोंड एका लयीत चालायचं.

"लई बरं वाटलं बघ माय, तू आलीस. त्यांच्या ग्राफचं चिन्ह करून राहिले म्हणं तुम्ही. रविकांतनं फोटो दाखवला तवा डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. नाही तर काय ऱ्हायलंय आता? त्या दिवशीचा आनंद तेवढा हाय."

ज्योत्स्ना टोपलीतली केळी काढून ओट्यावर मांडत राहिली.

"तवाच्या आधी महिनाभर म्हणायचे, केवळा, छातीत कबुतर फडफडतंय. दवाखान्यात जायला लाजायचे. लोकाला श्वास शिकवणारा माणूस, तिथं जाऊन काय सांगू म्हणायचे. मीच मागं लागून नंबर लावला होता, मंगळवारचा." काकूंनी धपाटं उलटलं. "अन् रविवारी तुमची सभा झाली. घरी आले ते नाचतच. पंचवीस वर्षाचं काळीज हाय म्हणं! झालं. सोमवारी सांजच्याला फोन करून नंबर रद्द. म्या म्हणलं, जावा की एकदा, काय जातंय? तर म्हणले, मशीनवर ज्योत्स्ना बसलेली होती. तिचा डोळा लई बारीक हाय. काही असतं तर तिनं सोडलं असतं व्हय?"

तव्यावर तेल चरचरलं.

"सोमवारी... संध्याकाळी?"

"हाव. दिवे लावायच्या वक्ताला. का गं?"

"काही नाही काकू."

"जाऊ दे. व्हायचं ते चुकत न्हाई." काकूंनी धपाटे स्टीलच्या डब्यात भरले, वर दह्यातली मिरची ठेवली. "डबा सभेला घेऊन ये बरं. सेटमधला हाय, झाकण दुसऱ्याला बसत न्हाई."

बसमध्ये तिनं डबा मांडीवर धरला. दुपारी तीन आणि दिवेलागण, यांच्यामध्ये तीन तास होते. तीन तासांत एक फोन सहज बसतो.

*

घरी नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. सुगत विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट. मितभाषी माणूस. दोन धपाटे खाऊन होईपर्यंत तो ऐकत राहिला.

"आमच्याकडं मीटर वेडंवाकडं दाखवायला लागलं की पोरं म्हणतात मीटर खराब आहे," तो म्हणाला. "मी म्हणतो, आधी वायर बघा. मग मीटर बघा. अन् दोन्ही चांगलं असलं तर गुमान मान्य करा, की करंटच तसा हाय."

"अहो, मी काय विचारते अन् तुम्ही काय सांगता!"

"तेच सांगून राहिलो की."

रविकांतला फोन लावायला तिनं आणखी दोन दिवस घेतले. रविकांत लातूरला क्लासवाल्या पोरांचं समुपदेशन करायचा. चुणचुणीत, वयानं दहा वर्षांनी लहान, परिषदेचा सगळा गाडा ओढणारा. सरांच्या आजारपणात पहिले आठ दिवस दवाखान्यात तोच झोपायला होता.

"रविकांत, फलक बदलायला लागतोय. ती रेघ चांगली नाही. ती आजाराची रेघ आहे."

तिनं ठोके, मौन, आकडा, सगळं समजावलं.

"ताई, म्हणजे आपण त्रेचाळीस जणांनी सरांच्या आजाराला टाळ्या वाजवल्या?"

"हो."

"अन् हे तुम्ही सभेत सांगणार."

"सांगायला पाहिजे ना?"

"सांगून सर उठून चालणार हायत का?" त्याचा आवाज चढला. "ताई, डॉक्टर लोक आधीच आपल्याला फुंकरवाले म्हणतात. उद्या म्हणतील, फुंकून फुंकून दिवाच विझवला. माझ्याकडं चाळीस पोरं येतात. त्यांच्या आईबापाला काय सांगू मी?"

त्याचं काही चुकत होतं असं नव्हे.

मग त्याचाच आवाज खाली आला. "बरं, सांगायचंच असलं तर असं सांगा. आपण कुणी डॉक्टर नाही, आपल्या सगळ्यांच्याच लक्षात आलं नाही, इथून पुढं काळजी घेऊ. सगळ्यांचं म्हणलं की कुणा एकावर येत न्हाई."

ज्योत्स्नाला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. सोमवारचं तिनं त्याला सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरजही उरली नव्हती.

शनिवारी तिनं काकूंच्या डब्यात तिळाचे लाडू भरले. दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत.

*

सभा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. खाली कुणाचा तरी साखरपुडा, त्यामुळं जिन्यात अत्तर आणि मसालेभाताचा वास. फलक बदलायला वेळ मिळाला नव्हता. रविकांतनं त्या सोनेरी रेघेवर झेंडूची माळ टाकून भागवलं होतं. तरी दोन्ही टोकांना रेघ बाहेर आलेलीच.

चौतीस जण जमले. सर पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत, अंगावर शाल. शेजारी काकू हिरव्या इरकलीत.

निवड दोन मिनिटांत झाली. बजरंग म्हणून अहमदपूरचा योगशिक्षक आहे, सभेत कुणीतरी हसवायचं असतं ते काम त्याच्याकडं. तो ओरडला, "बिनविरोध! विरोध करणारा जेवणार न्हाई!" सगळे हसले. यंदा यंत्रावर वर्षाराणी होती, फिजिओथेरपीवाली, कमी बोलणारी. तिनं ज्योत्स्नाच्या बोटाला क्लिप लावली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हात बर्फ झालाय."

ज्योत्स्ना खुर्चीत बसली. पाठीमागे भिंतीवर तिचं काळीज चालू झालं. तिला ते दिसत नव्हतं, पण चौतीस माणसांच्या नजरा तिच्या डोक्याच्या थोड्या वर लागलेल्या दिसत होत्या. कुणीतरी आपल्या मागे उभं असल्यासारखं वाटत होतं.

सुरुवातीचं बोलणं तिनं पाठच केलं होतं. परिषदेचं वर्ष, नवे सभासद, शिबिरं. मग ती थांबली.

"मागच्या वर्षी सरांच्या आलेखाला आपण टाळ्या वाजवल्या. तो आलेख तरुण काळजाचा नव्हता. सरांच्या ठोक्यांचा ताल सुटलेला होता. आपण कुणी डॉक्टर नाही. आपल्या... आपल्या सगळ्यांच्याच ते लक्षात आलं नाही."

सभागृहात हालचाल झाली. माळेच्या टोकाशी उभ्या रविकांतनं मान हलवली, ठीक आहे, पुढं चला, अशी. काकू तिच्याकडं बघत होत्या, अजून नीट न समजलेल्या. ज्योत्स्ना पुढचा कागद उलटणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"क...धी?"

सर पुढं झुकले होते. तिच्याकडं नाही, पडद्याकडं बघत होते. ओठाचा एक कोपरा थरथरत होता. "कधी... बाई?"

"ते इचारून राहिले," काकू म्हणाल्या, "कधी कळलं म्हणून."

हाच प्रश्न. वीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं. रेघ हलली की नुसतं बघत बसायचं नाही, विचारायचं. 'तुमच्या आजारपणानंतर' असं म्हटलं असतं तर प्रश्न तिथंच मिटला असता. पडद्याला काही कळलं नसतं. पडदा एवढंच सांगणार होता की बाई घाबरलीय, आणि ते तो मघापासून सगळ्या सभेला सांगतच होता. बजरंगच्या भुवया वर गेलेल्या होत्या.

"सोमवारी," ज्योत्स्ना म्हणाली. "सभेच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी तीनला."

काकूंच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग आलं.

"सोमवारी?"

"हो काकू."

"दुपारी?"

"हो."

"मंग फोन का न्हाई केलास, माय?"

"लाज वाटली. माईकवर मीच तसं बोलले होते. ग्रुपवर टाळ्या पडत होत्या. चूक झाली म्हणायला लाज वाटली."

एवढंच कारण होतं. वर्षभर आत ठेवलं तेव्हा ते डोंगराएवढं होतं. बाहेर काढलं तर तिळाएवढं निघालं, आणि तेवढ्याशासाठी एक माणूस खुर्चीला खिळला होता.

खालून साखरपुड्याची सनई वाजत होती. शेवटी वर्षाराणीनं घड्याळ बघितलं आणि कोरड्या आवाजात म्हटलं, "मौन. दोन मिनिटं."

रीत ती रीत. सगळे गप्प बसले. ज्योत्स्नाला क्लिप काढून जिन्यानं खाली पळावंसं वाटत होतं, पण मौन संपल्याशिवाय क्लिप काढायची नसते. ती बसून राहिली. सगळ्या सभेत एकटे सर पडद्याकडं वाचल्यासारखं बघत होते, डोळे बारीक करून, पूर्वी पेशंटची रेघ बघायचे तसे. मग त्यांचा डावा हात सावकाश वर उठला. हात वर जाईल तसा श्वास आत घ्यायचा, खाली येईल तसा सोडायचा. नवख्या पेशंटला ते असंच शिकवायचे. ज्योत्स्नानं श्वास घेतला. किती दिवसांनी तो पोटापर्यंत गेला.

हात खाली यायला लागला, तेवढ्यात काकूंनी तो मधेच धरला. रागानं नव्हे. थंडीत लेकराचा हात आत घ्यावा तसा त्यांनी तो शालीत घातला आणि वरून शाल घट्ट दाबली.

"चला," त्या म्हणाल्या. "घरी जाऊ."

सरांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. काकूंनी या वेळी कुणालाही ते उलगडून सांगितलं नाही. रविकांत धावत पुढं आला आणि त्यानं चाकाची खुर्ची वळवली. दारातून ती बाहेर पडेपर्यंत दोन मिनिटं होऊन गेली होती, पण वर्षाराणी काही बोलली नाही.

*

"खुर्ची मी सोडते," ज्योत्स्ना म्हणाली.

"सोडा," वर्षाराणी म्हणाली. "पण आधी एक नियम लिहून घ्या. इथून पुढं प्रत्येक नोंद दोघांनी वाचायची. शंका आली तर त्याच दिवशी फोन. पेशंटला, नाही तर त्याच्या घरी. अन् आधी डॉक्टर, मग आपण."

दाताच्या डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. सव्वीस हात वर झाले. बाकीचे माणसांच्या मांडीवरच राहिले. बजरंग काहीतरी बोलायला उठला, जेवण गार होऊन राहिलंय एवढंच म्हणाला, आणि कुणी हसलं नाही तसा खाली बसला.

रविकांत जिना चढून परत आला. त्याचे डोळे लाल होते. त्यानं फलकावरची माळ काढली, मग फलकच काढला आणि गुंडाळायला लागला. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "ताई, सोमवारचं मला तरी सांगायचं होतं. आठ दिवस मी त्या दवाखान्यात फरशीवर झोपलो. तुम्ही रोज फोन करून विचारायचात, सर कसे हायत."

"हो," ज्योत्स्ना म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

माणसं जेवायला खाली गेली. तिनं लॅपटॉप उघडून मागच्या वर्षीची नोंद काढली. शेऱ्याच्या रकान्यात तेच वाक्य होतं. तिनं ते पुसलं नाही. त्याच्याखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'सेन्सर हलला नव्हता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं.' खाली आपलं नाव लिहिलं. मग लॅपटॉप वर्षाराणीच्या हातात दिला, दुसऱ्या वाचणाऱ्याच्या.

न जेवताच ती स्टँडवर आली. नांदेडची बस लागलेली होती. तिकिटाला पिशवीत हात घातला तेव्हा हाताला डबा लागला. काकूंचा. द्यायचा राहून गेला होता.

अहमदपूर येईपर्यंत तो तिच्या मांडीवर होता. डबा द्यायला जावं तर लागणार होतं. काकू दार उघडतील की नाही, उघडलं तर आत घेतील की बाहेरच्या बाहेर डबा घेऊन दार लावतील, याचा काही अंदाज नव्हता. लगेच तर जाता येणार नाही. तोवर हे लाडू खवट होतील. नवे करावे लागतील. एवढं एकच काम तिला स्पष्ट दिसत होतं, म्हणून लोह्यापर्यंत ती तेच धरून बसली: तीळ किती, गूळ किती.